सात गाठींची दोरी

खिमीच्या घरात पिठाच्या डब्यावर एक केस असायचा. तिचाच, झाकणाच्या फटीवर आडवा ठेवलेला. कुणी डबा उघडला की केस पडणार आणि चोरी पकडली जाणार. नवरा होता तोवर म्हणायचा, "अगं, घरात आपण दोघं आणि पोरगा. चोर येणार कुठून?"

"म्हणूनच तर शोधायला सोपं," खिमी म्हणायची.

दूध ती वास घेतल्याशिवाय प्यायची नाही. पाहुण्याने आणलेली मिठाई आधी पाहुण्यालाच खायला लावायची. दुसऱ्या कुणा बाईचा असा स्वभाव असता तर गावाने तिला वाळीत टाकलं असतं. खिमीचा मात्र सगळ्या गावाला आधार वाटायचा, कारण गावाचं खनोर तिच्या हातात होतं.

गावाच्या वर, नाल्याच्या दोन्ही अंगांना खनोरची झाडं. थंडी आली की फळं टपाटपा पडतात. साल फुटून आतून तांबूस बी डोकावते, तेल लावून पुसल्यासारखी चकचकीत. दिसायला देखणी आणि पोटात जहर. खिमी नवी नवरी होऊन आली त्याच वर्षी रस्त्याच्या कामावरच्या एका मुनशीने खिसा भरून बिया नेल्या. "अरे, हे तर चेस्टनट! शिमल्याला भाजून विकतात," म्हणाला. शेकोटीत भाजल्या आणि आठ-दहा खाल्ल्या. मग दोन दिवस ओकत होता आणि दारुड्यासारखा भेलकांडत होता. जीव वाचला, एवढंच. तेव्हा खिमीच्या सासूने तिला बी हातात घेऊन दाखवली होती. "त्याच्या चेस्टनटला टोकाला शेंडी असते. आपलं खनोर टकलं. आणि एक लक्षात ठेव, लाडी, भाजून याचं विष जात नाही. हे फक्त वाहत्या पाण्याला भितं."

लाडी म्हणजे नवी सून. त्या सासूने लाडीला सगळं शिकवलं. बिया वाळवायच्या, सोलायच्या, कांडायच्या. तो भरडा फडक्यात बांधून नाल्याच्या धारेत सोडायचा. रोज एकदा फडकं उघडायचं, हात घालून ढवळायचं, पुन्हा बांधायचं. जो ढवळेल त्याने काठावरच्या अक्रोडाला टांगलेल्या दोरीला एक गाठ मारायची. दोरी कापलेलीच सात गाठींच्या मापाची. दोरी संपली की दिवस भरले. आणि शेवटी जीभ. चिमूटभर जिभेवर ठेवायचं. कडू लागलं तर परत पाण्यात. नाही लागलं तर थुंकायचं आणि म्हणायचं, "गोड."

खिमीने गोड म्हटल्यावर गाव ते पीठ खायचं. बूढी दिवाळीला, म्हणजे मैदानातली दिवाळी होऊन महिना लोटल्यावर, गावच्या लेकी माहेरी येतात. तेव्हा बारा घरांत खनोरचा शिरा होतो आणि बाराही घरांचं पीठ खिमीकडचं. बाकीचं खनोरही वाया जायचं नाही. पाला गुरांना, तेल गुडघ्यांना, पहिल्या धुण्याचं फेसाळ पाणी घोंगड्या धुवायला. खेचरवाला नूपराम तर खेचराचं पोट फुगलं की गुळात कालवलेली चिमूटभर पूड न्यायला यायचा. "माणसापेक्षा माझं खेचर तुझ्यावर जास्त विश्वास ठेवतं," म्हणायचा.

"त्याला जीभ आहे, बोलता येत नाही. म्हणून," खिमी म्हणायची.

या वर्षी हे वाक्य तिने गिळलं.

मागच्या माघात तिला मोठा ताप आला होता. ताप उतरला, चव गेली. आधी वाटलं, येईल. चैत्र गेला, श्रावण गेला. मिरची नुसती गरम लागायची, गूळ नुसता चिकट. बारा घरांच्या पोटाची राखण करणारी जीभ तोंडात मेल्यासारखी पडून होती. खिमीने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी जिंदी चाची पदर खोचून नाल्यावर हजर झाली असती. आणि जिंदीची जीभ कशी आहे ते गावाला ठाऊक होतं. एका जागी ठरतच नाही.

घरात आता सून होती. सेवती, पलीकडच्या खोऱ्यातली. मुलगा लोतम जीपवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. बाकी दिवस या दोघी आणि मध्ये डाळ.

"अम्मा, डाळ खारट झालीय."

"तुझ्या माहेरी मीठ माहीत नसेल."

दुसऱ्या दिवशी डाळ अळणी. सेवती नुसती बघत राहिली. ते बघणं खिमीला बोलण्याहून वाईट वाटलं. काय बघते ही? काय जोखते? डब्यावरचा केस दोनदा पडलेला होता.

सेवतीचंही काही चुकत नव्हतं. भरडा नाल्यात सोडल्याच्या पहिल्याच दिवशी ती लाकडं आणायला वर गेली, तर सासू काठावर नुसती उभी. फडकं पाण्यात, हात कमरेवर, नजर कुठेतरी. ही ढवळते तरी का, असं सेवतीच्या मनात आलं. डाळीत मीठ दोनदा घालणारी बाई. संध्याकाळी ती गुपचूप गेली, ढवळलं, आणि गावाची रीत म्हणून दोरीला गाठ मारून आली. मग रोजच जाऊ लागली.

खिमी जायची पहाटे, धुक्यात. हाताला लागेल त्या शेंड्याला गाठ मारायची आणि काकडत परतायची. चौथ्या पहाटे गाठ मारली आणि बोटांत दोरीच उरली नाही.

ती तिथेच बसली. सात? एवढ्यात? तिच्या हिशेबाने आज चौथा. पण हिशेब करणारं डोकं कुणाचं? जिची जीभ गेली तिचंच. मग दिवसही निसटले असतील. विचारावं कुणाला? विचारणं म्हणजे कबूल करणं. दोरी चाळीस वर्षांत कधी खोटं बोलली नव्हती. तिने फडकं उचललं, पिळलं, दोरी कमरेला खोचली आणि घरी आली.

सेवती अंगणात गाईला पाला टाकत होती. ओलं गाठोडं बघून तिचा हात थांबला.

"अम्मा, काढलंत?"

"दोरी संपली."

"संपली?"

"बहिरी आहेस का?"

खिमीने छपरावर चादर पसरली, ओलं पीठ पसरलं आणि मग तिला युक्ती सुचली. आवाजात तिने जमेल तेवढी माया आणली. ती जमली नाही.

"ये, लाडी. आता तुलाही शिकायला हवं. चिमूटभर घे, सांग बरं कसं लागतं."

सेवती जागची हलली नाही. "आधी तुम्ही."

"मी तर रोजचीच. तुझी परीक्षा घेतेय."

"माझ्या आईने सांगितलंय, सासू ज्यातलं खाईल त्यातलंच खा."

"तुझ्या आईला काय वाटतं, मी तुला जहर घालेन?"

"वाटत नाही. म्हणून तर म्हणते, आधी तुम्ही."

दोघींच्या मध्ये पिठाचा पांढरा पट्टा. खिमीने सुनेकडे बघितलं आणि तिला एकदम स्वतःचाच चेहरा दिसला, चाळीस वर्षांपूर्वीचा. तिने चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. वाळू. ओली वाळू, दुसरं काही नाही.

"गोड," ती म्हणाली.

सेवतीने चिमूट तोंडात टाकली आणि दुसऱ्या क्षणी ती छपराच्या कडेवर वाकून थुंकत होती. "थू! अम्मा! कडूजहर आहे हे!" पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली. मग हळूच वळली. "तुम्ही गोड कसं म्हणालात?"

खिमी चादरीची सुरकुती सारखी करू लागली.

"डाळ," सेवती म्हणाली. "खारट. मग अळणी. तुम्हाला लागतच नाही. काहीच लागत नाही ना?"

"हळू बोल!"

"बारा घरांना वाटणार होतात?"

"दोरी संपली होती!" खिमीने कमरेची दोरी काढून तिच्यासमोर आपटली. "सात गाठी. मोज. मी रोज गेले, रोज ढवळलं. तरी हे कडू राहतं म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. बोल, कुणी केलं?"

सेवतीने दोरी उचलली आणि तिचे कान लाल झाले.

"मी रोज संध्याकाळी जात होते," ती पुटपुटली.

"कशाला?"

"तुम्ही ढवळत नसाल म्हणून. ढवळलं आणि गाठ मारली. रीत आहे ना?"

खिमीने दोरी हिसकावली आणि डोळ्यांजवळ धरली. पहिली गाठ उजवीकडे वळलेली. दुसरी डावीकडे. तिसरी उजवीकडे. चौथी डावीकडे. सेवती डावरी होती. विळा, लाटणं, सगळं डाव्या हाताने. खिमीने चार मोजल्या, मग तीन मोजल्या.

"म्हणजे आज चौथाच दिवस." तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "माझं डोकं ठीक आहे! मला माहीत होतं चौथा आहे!"

"माहीत होतं तर काढलंत कशाला?"

तेवढ्यात खालून हाक आली.

"खिमे! झालं वाटतं यंदा लवकर?" जिंदी चाची. हातात वाटी, मान वर. "नाल्यावर फडकं दिसलं नाही, म्हटलं बघून यावं. सांग की, गोड आहे ना?"

खिमीने दोरी पाठीमागे लपवली. सेवतीने एकदा सासूकडे बघितलं, एकदा खाली. आता बोलेल ही. आता सांगेल, आणि उद्या जिंदी नाल्यावर.

"नाही झालं, चाची," सेवती म्हणाली. "माझ्याकडून गाठी जास्त पडल्या. अम्मांनी चाखलं आणि थुंकलं."

"सुनेच्या हातात दोरी दिलीस, खिमे? तू?" जिंदी खिदळली. "आता सूर्य कुठून उगवेल, सांगता येत नाही बाई!" आणि रिकामी वाटी वाजवत गेली.

खिमीने डोळे बारीक केले.

"का वाचवलंस मला?"

"असंच."

"असंच कुणी करत नाही. बदल्यात काय हवं?"

"काही नको."

"काही नको म्हणणाऱ्यालाच सगळं हवं असतं. सरळ सांग. कोठीची किल्ली?"

"नको."

"गाय?"

"अम्मा, गायीचं मी काय करू? ती घरातच आहे." सेवती वैतागली. मग थांबली. "बरं, एक द्या. मिठाचा डबा. आजपासून डाळ मी करणार."

खिमीने बराच वेळ विचार केला. यात काही डाव आहे का, सगळ्या बाजूंनी तपासून बघितलं. डाव सापडला नाही, तेव्हा तिला जास्तच संशय आला. पण डबा तिने दिला.

बूढी दिवाळीला सहा दिवस होते. पीठ पुन्हा धारेत गेलं. नवी दोरी चार गाठींची. दोघी पहाटे एकत्रच जायच्या, कारण एकीचा दुसरीवर भरवसा नव्हता. ढवळायची सेवती, गाठ मारायची खिमी. सेवतीने एक गोष्ट दाखवली. तिच्या माहेरी पीठ चाखण्याआधी बाटलीत पाणी घालून हलवून बघतात. फेस उभा राहिला तर अजून जहर आहे. "डोळ्यांनी दिसतं, अम्मा. जीभ नसली तरी."

"पाणीच साबणाचं असेल तर?" खिमी म्हणाली. तरी रोज बाटली तीच हलवायची. पहिल्या दिवशी फेस बोटभर. चौथ्या दिवशी दोन-चार बुडबुडे, तेही फुटले. सेवतीने चाखलं आणि मान डोलावली. मग एक दिवस ऊन.

सणाच्या सकाळी अंगणात बायका वाट्या घेऊन जमल्या. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, सगळ्यांत पुढे जिंदी. चुलीवर पहिली कढई तयार, कारण जिंदीने मुद्दामच म्हटलं होतं, "यंदा शिजवूनच दाखव." खिमी पाटावर बसली. रीतीप्रमाणे चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. वाळू. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती बघत होती सेवतीच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाकडे, ढाटूकडे. ठरलं होतं, पीठ चांगलं असेल तर सेवती रुमालाची गाठ सारखी करेल.

सेवतीने ढाटूची गाठ सारखी केली. डाव्या हाताने.

खिमीने पीठ तोंडातच धरलं. हिने खोटं सांगितलं तर? मला आज सगळ्यांसमोर पाडायचं असेल तर? मिठाचा डबा ही नुसती सुरुवात असेल तर?

"काय गं, जीभ झोपली का?" जिंदीने विचारलं.

सेवतीने सासूच्या डोळ्यांतलं सगळं वाचलं. एक उसासा टाकला, कढईतून वाटीभर गरम शिरा काढला आणि सगळ्यांच्या आधी, उभ्या उभ्याच, मोठा घास तोंडात घातला. खिमी तिच्या गळ्याकडे बघत राहिली. घास खाली उतरला. दुसरा उतरला. सेवतीने तिसऱ्यासाठी बोटं वाटीत घातली.

तेव्हा खिमी थुंकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "गोड."