कपाटामागची नवी मुलगी

माझी सून प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. बावीस वर्षं झाली. खडूने बोटांना भेगा पडल्यात आणि आवाज घरातही वर्गातलाच. एकदा जेवायला बोलावताना सासऱ्यांनाच "रांगेत या" म्हणाली होती.

गेल्या वर्षी इंटरनेटवर मुलांनी जपून कसं वागावं, हे शिकवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. पोरांनी पाढ्यासारखं घोकलं, अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही. घरी येऊन म्हणाली, "तोंडपाठ आहे हो आई, पण डोक्यात शिरलेलं नाही. उद्या तुम्ही शाळेत या."

"मी? मला फोन उचलता येतो, तेवढंच."

"तुमचं अक्षर हवंय मला."

मी तिसरीतच शाळा सोडली, अक्षर तिथेच थांबलंय. तिने मला वर्गातल्या कपाटामागे स्टुलावर बसवलं आणि पोरांना सांगितलं, दुसऱ्या शाळेतली एक मुलगी चिठ्ठ्या पाठवणार आहे. मी लिहिलं, मला मांजर आवडते, तुला? मग विचारलं, तुझी आई घरी कधी येते? अर्ध्या तासात पोरांच्या उत्तरांत कुणाच्या घराची किल्ली कुठे ठेवतात, इथपर्यंत मजल गेली. मी गुडघे धरत बाहेर आले. "अय्या, ही तर आजी!" पोरं हसून हसून बेजार.

सून हसली नाही. "मोबाइलच्या पलीकडेही असंच कुणीही बसलेलं असतं. तुम्हाला कुणी असं विचारत असेल तर मला सांगा. कोणी रागावणार नाही, माझा शब्द."

मधल्या सुट्टीत एक मुलगी मागे थांबली. "बाई, गेममधली माझी मैत्रीण पण असंच विचारते. मी तिला फोटो पाठवला. आता म्हणते, अजून पाठव, नाहीतर तुझ्या बाबांना दाखवीन."

सुनेने आईवडिलांना बोलावलं, सोबत जाऊन पोलिसांत तक्रार दिली. घरी नेऊन बापाने पोरीला पट्ट्याने मारलं आणि शाळेतून काढलं. सून त्यांच्या दारात गेली तर म्हणाला, "शिकायला पाठवली होती, अब्रू वेशीवर टांगायला नाही." मैत्रीण बनून बसलेल्या त्या मेल्याने पोरीला बापाची भीती घातली, आणि बापाने ती खरी करून दाखवली.

पोलीस म्हणाले, ती 'मैत्रीण' याच वर्गातल्या आणखी कुणाशी तरी बोलते. कोण ते कळेना, गेममध्ये सगळ्यांची नावं खोटी. सुनेने वर्गात विचारलं. एकही हात वर झाला नाही. पट्ट्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली होती.

मी म्हटलं, "अगं, शब्द तुझा. बापाच्या वतीने तू कसा देणार?" बोलून चुकले. ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गाला सांगितलं, "माझं चुकलं. घरचे रागावतील, मारतीलही. तरी सांगा. मी तुमच्याबरोबर घरी येईन आणि मध्ये उभी राहीन."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती एकटीच वर्गात दार उघडं ठेवून बसते. चार महिने झाले. परवा वर्गातली दुसरी एक मुलगी बाटली विसरले म्हणत आत आली. बाटली तिच्या हातातच होती. सुनेने नुसती शेजारी जागा केली. मुलगी क्षणभर थांबली आणि पळून गेली.