आठीताईंची ओळ

आठीताई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, कपाळाकडे बघत. नवा माणूस बिचारा काही लागलंय की काय म्हणून रुमालाने कपाळ पुसायचा. ताईंना फक्त तिथे आठी पडते का, ते बघायचं असे. हे नाव आम्हीच त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा राग मुळीच नव्हता.

ताई मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या. बारा वर्षं त्यांनी कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलं, कायम काही झाल्या नाहीत. शेवटी जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानावरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आल्या. काम एकच, आम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहायचं. आम्हा प्रोग्रामर मंडळींना ते कमीपणाचं वाटे. भाकरी आपण थापायची आणि ती कशी खायची हेही आपणच सांगायचं का, असा आमचा तोरा.

ताई मात्र लिहिलेलं पान घेऊन खाली उतरत आणि दुकानाच्या शेठना मराठीत समजावून सांगत. शेठना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, आणि म्हणूनच ताईंना ते हवे असत. त्यांच्या कपाळावर आठी पडली की ताई तिथेच पेन्सिलीने खूण करत. "त्यांचं काही चुकलं न्हाई, माझं वाक्य चुकलं," म्हणत आणि वर येऊन ते वाक्य नव्याने लिहीत. एका पानासाठी चार-चार वेळा जिना चढत.

मग एका परदेशी कंपनीचं काम आलं. क्रिप्टोचे पैसे खात्यातून काढून दुसऱ्या पत्त्यावर पाठवायचं टूल होतं, आणि ते माणसांनी नव्हे, एआय एजंटांनी चालवायचं होतं. एजंट म्हणजे मालकाने सांगितलेलं काम परस्पर उरकणारा प्रोग्रॅम. टूल कसं वापरायचं, हे तो ताईंचं पान वाचून शिकणार. पत्ता किंवा नेटवर्क, म्हणजे हे पैसे ज्या जाळ्यातून जातात ते, चुकलं तर पैसे गेले ते गेलेच. अर्ज करायला बँक नाही की मॅनेजर नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग याचं कपाळ कुठं बघायचं?" मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

त्यांनी पान लिहून एजंटला दिलं. समजलं, म्हणाला. मग त्यांनी मुद्दाम एका परिच्छेदात एक नेटवर्क आणि पुढच्यात दुसरंच लिहून दिलं. तरी समजलं म्हणाला, आणि चाचणीतले खोटे पैसे पाठवून मोकळाही झाला. ताई खुर्ची मागे सारून बसून राहिल्या. वर्गात ज्याला कधीच शंका नसते त्यालाच आपण आधी उभं करायचो, असं सांगत होत्या.

त्याच दिवशी त्यांनी पानाच्या अगदी वर एक ओळ घातली. पैसे पाठवण्याआधी थांब, पत्ता आणि नेटवर्क मालकाला दाखव, त्याने हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कंपनीचं उत्तर आलं, मालकालाच विचारायचं तर एजंट कशाला, ओळ काढा. मी ताईंची बाजू मांडली, म्हणजे दोन मेल लिहिले. उत्तर आलं ते काम कधी पूर्ण होणार याबद्दल. आमचं अर्धं ऑफिस त्या कामावर चालत होतं.

"काढा," ताई म्हणाल्या, "पण माझ्यासमोर काढा."

मी त्यांच्यासमोर काढली.

पानाच्या तळाशी शंकांसाठी एक मेलचा पत्ता होता, तिथे येणारे मेल ताई बघत. दोन महिन्यांनी एक आला. कुठल्याशा देशातल्या एका माणसाची आयुष्यभराची बचत एजंटने भलत्याच नेटवर्कवर पाठवली होती. त्याने शिवीगाळ केली नव्हती. "मी पूर्ण वेळ शेजारीच बसलो होतो, एजंटने एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं," एवढंच लिहिलं होतं. कंपनीने हात झटकले. उत्तर ताईंनी द्यायचं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत त्या त्याच मेलसमोर बसल्या. पैसे परत येणार नाहीत, हे एकच वाक्य त्यांना लिहिता आलं. खाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं. महिनाअखेर काम सोडलं. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

आता त्या टेंभुर्णीला शिकवण्या घेतात. ते पान माझ्याकडे आलं आहे. ओळ परत घालायची परवानगी मी कंपनीकडे अधूनमधून मागतो. न विचारता घातली तर काम जाईल आणि कामाबरोबर आमच्या सहा जणांचे पगार, असं स्वतःला समजावतो. त्या समजावण्याने माझं समाधान होत नाही, पण ओळ घालायचं धाडसही होत नाही. मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. घरच्यांची चौकशी झाली आणि मग, ओळ घातली का, असं त्यांनी विचारलं.

"विचारून राह्यलो, ताई," मी म्हणालो.



"तुम्ही विचारून राह्यले," त्या म्हणाल्या, "अन् तिकडं ते न विचारता पैसे पाठवून राह्यलं."