पूजेला बसलेलं मशीन

मी एकोणचाळीस वर्षांचा आहे, बारामतीत माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, आणि मी व्हिडिओ गेम खेळतो.

(तुम्ही आत्ता जे हसलात, ते मला नवीन नाही.) आमच्या गावात, म्हणजे काटेवाडीत, साठीची माणसं रोज संध्याकाळी पत्ते पिसतात, त्यांना कुणी वय विचारत नाही. आमचे एक शेजारी कबुतरं उडवतात आणि ती परत आली की टाळ्या वाजवतात. त्यांना गावात मान आहे. मी मात्र हातात कंट्रोलर धरला, की पाहुणे माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात. बघू देत. नवीन गेमचा ट्रेलर आला की मी तो आजही चार वेळा बघतो आणि पाचव्यांदा बायकोला दाखवतो. मनीषा भाजी निवडता निवडता "छान आहे हो" म्हणते. तिनं आजवर एकदाही मान वर केलेली नाही.

तर माझं गेम खेळायचं मशीन पांढरं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण माझा चुलतभाऊ सतीश याचं काळं आहे. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी मशीनं, आणि दोघांत मिळून अक्कल एकालाच. सतीश वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहतो, कारखान्यात मशीन शॉपला आहे. तो माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा आहे आणि तेवढ्या भांडवलावर मी त्याला 'दादा' म्हणावं अशी त्याची लहानपणापासूनची इच्छा आहे. मी कधी म्हटलं नाही. त्याचं म्हणणं, काळ्या मशीनवर घोड्याच्या शेपटीचा केस न् केस दिसतो. मी विचारलं, तुला लढाई करायचीये की घोड्याची हजामत? एका बारशात आम्ही यावरून इतके भांडलो, की त्या बाळाचं नाव काय ठेवलं ते आम्हा दोघांनाही अजून माहीत नाही.

गेल्या वर्षी आम्ही चार वर्षं ज्याची वाट बघत होतो त्या गेमचा तिसरा भाग जाहीर झाला. घोडे, तलवारी, सात गड. दोन्ही मशीनवर एकाच दिवशी, सकाळी साडेनऊला सुरू होणार. मी घरच्या ग्रुपवर सगळ्यांच्या देखत पैज लावली, आणि तिचा मजकूर मीच लिहिला: ज्याच्या मशीनवर पहिला गड आधी पडेल, त्याचं मशीन श्रेष्ठ. हरणाऱ्यानं दसऱ्याला सोनं देताना सगळ्या भावकीसमोर म्हणायचं, "दादा, तुझंच मशीन खरं." (मी हरलो तर 'दादा', तो हरला तर 'बापूराव', म्हणजे मी. हीही सूचना माझीच.) सतीशनं फक्त अंगठा पाठवला.

गेम येण्याचा दिवस नेमका खंडेनवमीचा होता. घट आमच्या घरी बसतात, त्यामुळे सतीश दर वर्षी बायकोपोरांना घेऊन नवमीला आमच्याकडे येतो. या वेळी तो सकाळी आठलाच हजर झाला. गाडीतून आधी काळं मशीन उतरलं, मग पोरं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. माझे वडील, तात्या, यांनी सोप्यात पोतं अंथरून सगळं मांडून ठेवलं होतं. कोयते, खुरपी, पहार, फवारणीचा पंप, आईचं शिवणयंत्र, मनीषा मुलांना शिकवते तो लॅपटॉप. दारात ट्रॅक्टर धुऊन उभा. लॅपटॉप बघितला आणि माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी आत जाऊन पांढरं मशीन घेऊन आलो.

"तात्या, ह्यालाबी जागा करा."

तात्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्ये काय हाय?"

"माझं अवजार."

"खेळणं हाय त्ये. खेळण्याची पूजा करत न्हाईत."

मी दुसऱ्या कुठल्याही शब्दावर गप्प बसलो असतो. पण 'खेळणं' हा शब्द मी वीस वर्षं ऐकतो आहे, आणि आज तो सतीशसमोर ऐकायला लागला. माझं डोकं फिरलं.

"आईच्या शिवणयंत्रावर दहा वर्षांत एक बटण लागलं नाही, त्याला हळदकुंकू चालतं. ती पहार गंजून गेलीय, तिला चालतं. आणि मी ह्याच्यावर रोज दोन तास राबतो. हे बघा, अंगठ्याला घट्टे पडलेत. घट्टे कशानं पडतात? अवजारानं पडतात का खेळण्यानं?"

आई म्हणाली, "बापू, शिवणयंत्राला कशाला मदी वढतोस?"

तेवढ्यात सतीश पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "तात्या, बापूचं बरोबर हाय. त्याचं अवजारच हाय त्ये. मांडा."

खरं म्हणजे मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. सतीश एकोणचाळीस वर्षांत माझ्याशी एकदाही सहमत झालेला नाही. पण मी विजयाच्या धुंदीत होतो. मी छाती काढून विचारलं, "मग तुझं पण आण की."

"छ्या. माझं आपलं खेळणंच हाय. मानाला तुझंच असू दे."

स्वतःच्या तोंडानं कबुली! मी मनीषाकडे वळून "ऐकलंस ना?" असंही विचारून घेतलं. पांढरं मशीन कोयत्याच्या आणि शिवणयंत्राच्या मध्ये ऐटीत उभं राहिलं. तात्यांनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, वरून पाणी शिंपडलं आणि सगळ्यांनी मूठमूठ अक्षता टाकल्या. सगळ्यात मोठी मूठ माझी होती.

आरती झाली. सव्वानऊ वाजले. मी मशीन उचलायला वाकलो.

"ए," तात्या म्हणाले. "कुठं निघालास?"

"साडेनऊला गेम हाय."

"पूजेला बसल्यालं अवजार हाय त्ये. उद्या दसऱ्याची पूजा झाल्याबिगर हात लावायचा न्हाय. ट्रॅक्टरबी उद्याच निघंल."

हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. नवमीला आमच्याकडे खुरपंसुद्धा उचलत नाहीत. पण ज्या माणसाला पहाटेपासून घड्याळात साडेनऊ सोडून दुसरं काही दिसत नाही, त्याला नियम कुठून आठवणार? सतीशला बरोबर आठवला होता. तो आत मोठ्या टीव्हीला आपलं खेळणं जोडत होता.

"तात्या," मी आवाज खाली आणला, "तसं बघितलं तर ते खेळणंच आहे."

"आत्ता तर घट्टं दावत हुतास."

"घट्टे खुरपं धरूनपण पडले असतील."

"तू खुरपं कवा धरलं?" तात्यांनी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं.

आतून घोडे खिंकाळायला लागले. तो आवाज ऐकून मला काय झालं ते गेम न खेळणाऱ्याला कळणार नाही. चार वर्षं थांबलेला माणूस मी, आणि माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर तो काळ्या मशीनचा माणूस माझा घोडा पळवतो आहे. उद्या भावकीसमोर त्याला 'दादा' म्हणायचं? मेलो तरी म्हणणार नव्हतो. मी माळ्यावर चढलो.

माळ्यावर आमच्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर पडलेला होता. पांढराच. सगळे आत सतीशचा खेळ बघत असताना मी सोप्यात आलो, मशीन काढलं, त्या जागी स्टॅबिलायझर ठेवला आणि त्याला झेंडूचा हार घातला. लांबून बघितलं तर कुणाला कळलं नसतं. जवळून कळलं असतं, कारण त्याच्यावर व्होल्टेजचा काटा होता. काट्यावर मी एक जास्तीचं फूल लावलं. (देवाची फसवणूक म्हणाल तर मला तेव्हा देवापेक्षा सतीशची जास्त काळजी होती.)

मागच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांवर छोटा टीव्ही मांडला, दार लोटलं आणि मशीन चालू केलं. स्क्रीनवर पहाट झाली. डोंगर दिसला. घोडा दिसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मशीनच्या पोटातून आवाज आला: खर्रर्र.

अक्षता! मूठमूठ अक्षता जाळीतून आत गेल्या होत्या आणि पंखा आता त्या दळत होता. मी मशीन तिरकं केलं तर आवाज वाढला. उलटं केलं तर घोडा चालेना. मी टीव्हीचा आवाज मोठा केला, मग लढाईच्या आवाजात गिरणीचा आवाज मिसळून भलतंच काहीतरी सुरू झालं.

माझ्या वडिलांना हाक मारलेली एका कानानं ऐकू येत नाही. पण चार शेतांपलीकडची मोटार बिघडली तर ती कुणाची आणि कशानं, हे ते जेवता जेवता सांगतात. अंगणातून त्यांचा आवाज आला, "बेरिंग गेलंया कशाचं तरी."

मग सतीशचा आवाज, आतून. गडी खेळ थांबवून उठला होता. "बेरिंग न्हाय तात्या. आत कायतरी घासतंय."

"आपल्या घरातनं येतुया."

"मागनं येतुय."

दोघं आवाजाचा माग काढत निघाले, त्यांच्यामागं आई, मनीषा, सतीशची बायको आणि सगळी पोरं. दार उघडलं तेव्हा मी पोत्यावर बसून मशीन छातीशी धरलेलं होतं. हातांना हळद, सदऱ्यावर स्वस्तिकाचं कुंकू, मांडीवर झेंडूच्या पाकळ्या.

मनीषानं फक्त विचारलं, "अहो, मग तिकडं पूजेला काय बसलंय?"

मशीन परत सोप्यात गेलं. मी स्टॅबिलायझर उचलायला गेलो तर आईनं अडवलं. "ऱ्हाऊ दे. त्येला हार घातलायस, आता त्योबी उद्याच उठंल." आल्यागेल्या प्रत्येकाला स्टॅबिलायझर दिसत होता आणि प्रत्येकाला आई सगळी हकीगत पहिल्यापासून सांगत होती. मी दिवसभर ट्रॅक्टरच्या आडोशाला बसून काढला. एकच दिलासा होता. सतीशचाही गड पडला नाही, कारण त्याच्यामागं अकरा माणसं बसली होती आणि अकराही जण त्याला घोडा कुठं वळवायचा ते सांगत होते.

दसऱ्याला सकाळी पूजा झाली, घट उठले. तात्या म्हणाले, "घे रं तुझं अवजार." मी बटण दाबलं. खर्रर्र, आणि मशीन बंद.

माझं तोंड बघून असेल किंवा मशीन बघून असेल, सतीश गाडीतून स्क्रू-ड्रायव्हरचा डबा घेऊन आला. त्यानं पेपर पसरला, मशीन उघडलं आणि चिमट्यानं एकेक तांदूळ काढायला लागला. तात्या शेजारी वाटी धरून बसले. सतीश कामात असा बुडाला, की पुरणपोळीसुद्धा त्याला तिथंच नेऊन द्यावी लागली. "नारळाचं पाणी सुकून चिकाट झालंय," तो म्हणाला. "चार वाजतील. घाई करायची न्हाय."

मी काय करणार? आत टीव्हीवर काळं मशीन चालूच होतं. म्हटलं, जरा शत्रूचं हत्यार बघून तरी घेऊ. माझ्या नावानं वेगळा गेम सुरू केला. दहा मिनिटं, फक्त घोड्याची शेपूट बघायला. (केस न् केस दिसतो. बोलू नका कुणाला.) दहाची तीस झाली, तीसचे तीन तास. कुणी मागं बसलेलं नव्हतं, कुणी सल्ला देत नव्हतं. पूल ओलांडला, तटावर चढलो, दरवाजा फोडला आणि साडेतीनला मी ओरडलो, "पडला! पहिला गड माझा!"

सगळे धावत आले. सतीश सगळ्यात शेवटी, हातात चिमटा.

"शाबास बापू," तो म्हणाला. "कुणाच्या मशीनवर?"

मी हातातल्या कंट्रोलरकडे बघितलं. काळा होता. मनीषानं आधीच फोन काढून ग्रुपवरचा मजकूर वाचायला घेतला होता. ज्याच्या मशीनवर पहिला गड आधी पडेल. स्वल्पविरामासकट माझंच लिखाण.

संध्याकाळी भावकीतली तीस माणसं अंगणात उभी होती. मी आपट्याची पानं सतीशच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "दादा, तुझंच मशीन खरं." तात्यांनी कानामागं हात धरला आणि म्हणाले, "काय म्हनला? मोठ्यानं बोल." मी मोठ्यानं बोललो.

पण म्हणायला लावलं म्हणून मत बदलत नसतं. सतीशनं पांढरं मशीन झकास दुरुस्त करून दिलं, ते आमच्या घरी उत्तम चालतं आणि तेच श्रेष्ठ आहे. अडचण एवढीच, की गड जिंकलेला माझा गेम त्याच्या काळ्या मशीनमध्ये राहिला. एका मशीनमधला गेम दुसऱ्यात नेता येत नाही आणि पहिल्यापासून पुन्हा खेळायची माझी तयारी नाही. अजून सहा गड बाकी होते. म्हणून मी दर रविवारी मोटारसायकलवर वालचंदनगरला जातो, सतीशच्या सोफ्यावर बसून तीन तास खेळतो आणि पांढरं मशीनच भारी हे त्याला तोंडावर सांगून येतो. फक्त हल्ली हे मी निघताना, चपला घातल्यावर सांगतो. आधी सांगितलं, तर दादा कंट्रोलर काढून घेतो.