सहदेवची दहा बोटं

सहदेव इंगळे मलेरिया खात्यात होता. पिंपळगाव राजात घरोघर जायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. बारा वर्षं त्यानं हेच केलं, तेही इतक्या इमानानं की बघणाऱ्याला वैताग यावा.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात आम्ही मिळेल ते पाणी रांजणात साठवलं. रांजणात डास झाले आणि गावभर ताप पसरला. माणसं सांधे धरून बसली, त्यात मीही होतो. सहदेवनं चौसष्ट काचा पाठवल्या, पण एकीतही मलेरिया निघाला नाही. त्याच्या खात्याचे साहेब जीपमधून उतरले ते चिडूनच. "एवढा ताप आणि मलेरिया एकालाही नाही? स्वतःचंच रक्त सगळ्या काचांवर लावलंस ना? दाखव बोटं!"

कामचुकार लोक घरोघर न फिरता तसं करायचे, हे खरं. पण सहदेव? मला अजून संताप येतो. चावडीपुढे, चारचौघांत साहेबांनी त्याची दहाही बोटं उलटीपालटी करून पाहिली. टोचल्याची एकही खूण सापडली नाही, तरी चौकशी लावलीच. आता नोकरीही जाणार आणि नावही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मात्र डेंग्यूचा संशय होता. त्यांनी आम्हा चौदा जणांचं रक्त बर्फात ठेवून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून निरोप आला, "तीन आठवड्यांनी त्याच माणसांचं रक्त पुन्हा पाठवा. दोन्ही ताडून पाहिल्याशिवाय रोग कळणार नाही."

तीन आठवड्यांनी डॉक्टर चावडीवर येऊन बसले. सहदेव बोलवायला आला, तर आम्ही शहाणे म्हणालो, "ताप गेला ना? आता रक्त काऊन पाह्यजे?"

शेवटी आम्हा चौदांतलीच म्हातारी रुक्मिणीबाई काठी टेकत चावडीवर आली आणि डॉक्टरांपुढे हात करून ओरडली, "घ्या! माह्यं रगत माह्यंच हाय, कयू द्या त्या सायबाले! अन् तुम्ही काय पाहून राह्यले बे?"

आम्ही शरमेनं रांगेत उभे राहिलो. दुपारपर्यंत चौदाही बाटल्या भरल्या.

महिन्यानं साहेबांनीच चावडीवर कागद वाचला. मलेरिया नाही, डेंग्यूही नाही. चौदापैकी बारा जणांना चिकुनगुन्या. डासांपासूनच होणारा, पण आमच्या डॉक्टरांनीही तोवर फक्त पुस्तकात वाचलेला. सहदेवच्या काचा खऱ्या होत्या. चौकशी रद्द.

साहेब जीपकडे वळले, तशी रुक्मिणीबाई आडवी आली. "सायेब, त्याची बोटं चारचौघांत पाह्यली ना? मंग आता चारचौघांतच त्याचा हात हाती घ्या."

साहेबांनी घेतला. दोन्ही हातांनी घेतला.