सत्काराच्या मंडपातली चार पावलं
झेंडूच्या हारांचा वास आला की मला अहमदपूरचा तो मंडप आठवतो. वडील शाळेतून निवृत्त झाले होते आणि गावाने त्यांना फेटा बांधून, शाल पांघरवून मंचावर बसवलं होतं. आमची लेक दीड वर्षाची होऊनही चालत नव्हती. "अहो, सोमवारी लातूरला डॉक्टरकडं जाऊच," बायको माझ्या कानाशी म्हणत होती आणि लेक समोर खुर्चीला धरून उभी होती. प्रमुख पाहुणे कागदात डोकं घालून वडिलांच्या त्यागाविषयी वाचत होते. त्यागी माणूस नातीला खुणावत होता. एकाएकी तिने खुर्ची सोडली. वडील शाल तिथंच टाकून मंचावरून उतरले आणि उकिडवे बसले. "कुणी धरू नका तिला! ये माय, ये!" चौथ्या पावलाला ती त्यांच्या अंगावर कोसळली आणि अख्ख्या मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांनी कागदावरून मान वर केली, माझ्या बायकोला रडताना पाहिलं, सर्वांना हात जोडले आणि आणखी वीस मिनिटं बोलले. इतक्या आनंदात ऐकलेलं भाषण मला आजवर दुसरं आठवत नाही.