सतराव्या अक्षांशाची रेघ

परवा तासगावला माझ्या माहेरच्या मळ्यात नातवानं मोबाइलवर बघून सांगितलं, "आजी, आपल्या बागेच्या मधोमध अक्षांश बरोबर सतरा." मला माझे वडील, आबा, आठवले.

सत्तरच्या दशकात मी शाळेतून येऊन त्यांना सांगितलं होतं, की सतराव्या अक्षांशाची रेघ आपल्या गावावरून जाते. आदल्याच वर्षी सरकारनं अशीच रेघ मारून रस्त्यासाठी आमचा अर्धा एकर नेला होता. आबा पाटीभर द्राक्षं घेऊन थेट वर्गात आले. "आवं गुरुजी, रेघ जरा आमच्या चुलतभावाच्या मळ्यातनं न्या की. त्याला लय जमीन हाय."

गुरुजींनी गंभीरपणे फळ्यावरची रेघ पुसली आणि बोटभर खाली ओढली. आबा निर्धास्त होऊन घरी गेले.

म्हणजे गुरुजींनी द्राक्षं खाल्ली, पण रेघ काही हलवली नाही.