भऱ्याच्या आत्यांकडून आलोय

मी बारा पोती आंबेमोहोर एका हंगामात संपवला, आणि तो विकला असं माझं आजही म्हणणं आहे. घरातले सगळे 'वाटला' म्हणतात. त्यांना व्यापारातलं काही कळत नाही.

मी मूळची लातूरची. आमच्याकडे जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. भात ही आजारी माणसाची सोय. लग्न होऊन मुळशी तालुक्यातल्या माले गावात आले आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी घरच्या आंबेमोहोराचा भात टाकला, तेव्हा वासाच्या मागे मागे नवी नवरी थेट चुलीपाशी जाऊन उभी राहिली. (ही गोष्ट भावकीत अजून सांगतात.) म्हणून २००७ च्या दिवाळीनंतर मामंजींनी पुढच्या सालापासून आंबेमोहोर बंद, संकरित भात लावायचा असं जाहीर केलं, तेव्हा मला अगदी रडू आलं. त्यांचंही चूक नव्हतं. आंबेमोहोराचा उतारा कमी, वाऱ्यानं पीक आडवं पडतं, आणि व्यापारी भाव देतो तो साध्या तांदळाचा.

"मी विकून दाखवते," मी म्हणाले. "अक्षय तृतीयेपर्यंत बाराच्या बारा पोती. संपली तर पुढच्या वर्षी आंबेमोहोरच लावायचा."

"आन् न्हाई संपली तर?"

"तर मी शेतीच्या कामात परत तोंड घालणार नाही."

मामंजी इतक्या चटकन हो म्हणाले की मला जरा अपमानच वाटला.

तेव्हा संजय, म्हणजे माझा नवरा, आणि मी हिंजवडीतल्या नोकऱ्यांसाठी जवळच्या चांदे गावात खोली घेऊन राहायचो आणि शनिवार-रविवार माल्याला यायचो. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळायचा. (हे कृपया लक्षात ठेवा.) मी आठवड्याभरात तांदळाची वेबसाइट बनवली, आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचून वाचून अफिलिएट प्रोग्रॅम नावाचं शास्त्र आत्मसात केलं. शास्त्र सोपं आहे. आपला माल खपवायला दुसऱ्यांना लावायचं. प्रत्येकाला एक कोड द्यायचा. गिऱ्हाइकानं ऑर्डर देताना तो कोड सांगितला की ज्यानं गिऱ्हाईक आणलं त्याला कमिशन. मी कमिशन तांदळातच ठेवलं: पाच किलोच्या पिशवीमागे अर्धा किलो.

पहिल्या फेरीत ऑफिसातले चार जण घेतले. एकीचा पाककृतींचा ब्लॉग होता, बाकीच्यांच्या ओळखी दांडग्या होत्या. महिन्याभरात दोन ऑर्डरी आल्या. एक अमेरिकेतून, पाच किलो, घरपोच पाहिजे म्हणून. दुसरी आमच्याच प्रशांतची. त्यानं स्वतःचाच कोड टाकून स्वतःच तांदूळ घेतला आणि वर स्वतःचं अर्धा किलो कमिशन मागितलं. मी त्याला धंद्यातला प्रामाणिकपणा या विषयावर वीस मिनिटं सुनावलं आणि प्रोग्रॅममधून काढून टाकलं.

शास्त्रात पुढे लिहिलं होतं की प्रोग्रॅम चालेना तर तो सुधारायचा, आणि ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे असा माणूस हुडकायचा. असा माणूस आमच्या घरातच होता. मामंजींच्या थोरल्या बहीण, भरे गावात दिलेल्या, म्हणून भऱ्याच्या आत्या! अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी जमवलेली. कुणाच्या घरात कोण उपवर आहे आणि कुणाचा स्वभाव तापट, हे त्यांना तोंडपाठ. मी त्यांना प्रोग्रॅम समजावून सांगायला कागद-पेन घेऊन बसले, पण त्यांना दोन वाक्यांतच कळलं.

"म्हंजी स्थळं आनायची," आत्या म्हणाल्या. "आन् नवरीच्या जागी तांदूळ."

कोड मात्र त्यांना लक्षात ठेवायचा नव्हता. त्यांचं म्हणणं, आमचं नाव काय कमी हाय व्हय? मलाही ते पटलं. ठरलं असं, की गिऱ्हाइकानं माल्याच्या घरी यायचं, 'भऱ्याच्या आत्यांकडून आलोय' एवढं सांगायचं, पैसे बिस्किटाच्या डब्यात टाकायचे आणि पिशवी न्यायची. हेच वाक्य म्हणजे कोड. इतका साधा, कधी न विसरता येणारा कोड जगात कुठल्या कंपनीला सुचला नसेल असं मी संजयला रात्रीच्या जेवणावर तीन वेळा सांगितलं.

आणि प्रोग्रॅम धावायला लागला! आत्या रोज संध्याकाळी चांद्याला फोन करायच्या. आज तीन आले. आज पाच. भूगावहून एक अख्खी जीप आली. मी वहीत आकडे मांडत होते आणि मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहीत होते. ऑफिसच्या कामामुळे तीन आठवडे गावी जाता आलं नव्हतं; चौथ्या शनिवारी माल्याला गेले तर खरंच चार पोती रिकामी. मी डबा उघडला. आत बिस्किटाचा चुरा होता.

"आई, पैसे कुठे ठेवले?"

सासूबाई म्हणाल्या, कसले पैसे?

मग हळूहळू उलगडा झाला. दारात माणूस येऊन 'आत्यांकडून आलोय' म्हणाला की माझ्या लेखी तो कोड होता. सासूबाईंच्या लेखी ते चूल पेटवायचं फर्मान होतं. नणंदेचं नाव सांगून आलेला माणूस म्हणजे पाहुणा. त्याला आधी पाणी, मग चहा, मग नव्या तांदळाचा भात आणि वरून साजूक तूप. आणि जाताना पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? म्हणून पाच किलोची पिशवी. एकदोघांनी पैसे काढलेही होते, तेव्हा मामंजींनी हात जोडून ते त्यांच्या खिशात परत कोंबले होते.

"आक्काच्या माणसाकडनं पैसं घ्यायचं?" मामंजी मला म्हणाले. "उद्या तिच्या दारात कुटल्या तोंडानं जायचं?"

आत्या मात्र आपलं कमिशन प्रत्येक रविवारी येऊन, स्वतःच्या हातानं मोजून, नियमाप्रमाणे नेत होत्या. प्रोग्रॅमचे नियम पाळणाऱ्या त्या घरात एकट्याच.

दुसरी एखादी असती तर तिथंच थांबली असती. मी प्रोग्रॅम सुधारला. ओसरीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली: 'नातेवाईकांनीही पैसे द्यावेत.' पुढच्या शनिवारी तिच्यावर मामंजींचा सदरा टांगलेला होता. सदरा काढला तर त्या जागी दिनदर्शिका आली. मग मी सासूबाईंना फक्त चहावर भागवायची विनंती केली, तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मला वाटलं, आत्यांनाच जोर लावायला सांगावं, म्हणजे पैसे देणारं एखादं तरी गिऱ्हाईक येईल. मी कमिशन दुप्पट केलं. आत्यांनी खरोखरच जोर लावला. त्या आठवड्यात सासूबाईंना मोठं पातेलं माळ्यावरून काढावं लागलं.

तेव्हा मी आत्यांना बजावलं की यापुढे फक्त परके आणा, ज्याचं आपल्याशी काही नातं नाही असे.

"आपल्या मुळशीत परका कुटनं आनू?" त्यांनी विचारलं.

पण आत्यांनी आणला! एप्रिलमधल्या एका रविवारी, पिरंगुटच्या एका कारखान्यातले साहेब आणि त्यांच्या बाई. बदली होऊन नुकतेच आलेले, तालुक्यात ओळख ना पाळख. त्या दिवशी मी स्वतः ओसरीवर डबा घेऊन बसले. सासूबाईंना आत थांबवलं, मामंजींना दारात उभं राहायची परवानगी दिली, बोलायची नाही. साहेबांनी चार पिशव्या घेतल्या आणि कुरकुर न करता पाकीट काढलं. माझा हात पुढे गेला. माझा विजय त्या हातापासून वीतभर लांब होता.

"तुमचं बोलणं इकडचं वाटत नाही," बाई म्हणाल्या.

"मी लातूरची."

"अगं बाई! आम्ही औशाचे की."

औसा म्हणजे लातूरच्या अगदी शेजारी! पुढचं मला नीट सांगता येत नाही. त्यांनी माझ्या शाळेचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला त्याच शाळेत गणित माझ्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि ती पास झाली ती केवळ त्यांच्यामुळे, असं सांगताना बाईंचे डोळे भरून आले. माझेही आले. चार वर्षांत दारात कुणी लातूरचं नाव काढलं नव्हतं. साहेब नोटा पुढे करत होते, आणि कुणीतरी अगदी माझ्याच आवाजात म्हणालं, "राहू द्या हो, पैसे कसले? आता जेवूनच जायचं."

मामंजी दारात उभे होते. ते बोलले नाहीत. परवानगी नव्हती ना! पण त्यांच्या मिशीचं एक टोक जे वर गेलं, ते पाहुणे जाईपर्यंत खाली आलं नाही.

अक्षय तृतीयेला कणगीच्या खोलीत बारा रिकामी पोती घडी करून ठेवलेली होती आणि डब्यात अमेरिकेच्या ऑर्डरीची छापील प्रत. (ती आम्ही पाठवू शकलो नाही.) मी मान खाली घालून म्हणाले, मामा, हरले मी, यापुढे शेतीत तोंड घालणार नाही. मामंजींनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली.

"संपली का न्हाई बारा पोती?"

"संपली."

"मंग? सौदा पोती संपवायचा व्हता, इकायचा न्हवं." मग सुपारी तोंडात टाकून ते म्हणाले, "आन् आता अर्ध्या तालुक्याच्या तोंडाला चव लागली. पुढल्या साली पावनं आलं आन् संकरित वाढला, तर आक्का मला जित्ता सोडंल व्हय? आंबेमोहोरच लावायचा."

मी जिंकले! तेव्हापासून कुणी त्या प्रोग्रॅमला हसलं तर मी एवढंच विचारते: पुढच्या वर्षी शेतात आंबेमोहोरच उभा राहिला की नाही? राहिला. मग गप्प बसा.

एकच छोटी अडचण झाली. जूनमध्ये घरातच तांदूळ संपला. नव्या पिकाला अजून पाच महिने होते, आणि दुकानातल्या तांदळाचा भात सासूबाई ताटात घेईनात. आख्ख्या मुळशीत तेव्हा आमचा आंबेमोहोर एकाच घरात शिल्लक होता. मी भऱ्याला गेले. आत्यांकडे कमिशनची दोन पोती भरून उभी होती.

आत्यांनी दहा किलो मोजून दिले आणि हात पुढे केला.

"पैसं काड," आत्या म्हणाल्या. "तू काय पावनी हायेस व्हय? घरचीच हायेस."

मी पूर्ण भावानं पैसे दिले. त्या सबंध हंगामात आंबेमोहोराला रोख पैसे मोजणारं दुसरं गिऱ्हाईक मी. (पहिला प्रशांत.) आत्यांनी नोटा कनवटीला लावल्या आणि नियमाच्या पक्क्या असल्यामुळे विचारलं, कुनाकडनं आलीस म्हनायचं?

"कुणाकडून नाही. माझी मीच आले."

"मंग तुजं कमिशन तुलाच," असं म्हणून त्यांनी दोन किलो वेगळे मोजले.

धंद्यातला प्रामाणिकपणा या विषयावर मला बरंच काही माहीत होतं. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.